घास उतरत नाही, डॉक्टर स्टेंट म्हणतात: पैसे किती लागतात आणि कुठे वाचतात

अन्ननलिकेच्या कर्करोगात गिळणं बंद होत आलं की डॉक्टर ‘स्टेंट टाकू’ म्हणतात. त्या दिवशी तुमच्या हातात सहसा एक फाइल असते आणि काउंटरवरून तोंडी मिळालेला एक आकडा. हा आकडा कशाचा आहे ते विचारल्याशिवाय होकार देऊ नका. नुसत्या स्टेंटचा? की तो टाकण्याच्या खर्चासकट? भूल, एक्स-रे, खोली धरून? ‘चाळीस हजार’ सांगणारं रुग्णालय ‘ऐंशी हजार’ सांगणाऱ्यापेक्षा शेवटी महाग पडू शकतं. पहिल्याने फक्त स्टेंटची किंमत सांगितलेली असते, दुसऱ्याने डिस्चार्जपर्यंतची.

हा स्टेंट म्हणजे निकेल-टायटॅनियमच्या तारेची विणलेली नळी. मिटलेल्या अवस्थेत दुर्बिणीच्या मदतीने आत जाते, गाठीच्या जागी उघडते आणि एक ते तीन दिवसांत पूर्ण फुलते. उघडल्यावर व्यास साधारण १८ ते २३ मिलिमीटर, लांबी गाठीप्रमाणे. गाठ त्याने कमी होत नाही. रुग्णाला तोंडाने खाता-पिता यावं, एवढंच त्याचं काम. हृदयाच्या स्टेंटशी याचा नावापुरता संबंध आहे, आणि किमतीच्या बाबतीत तर तोही नाही. त्याकडे पुढे येतो.

पैशाआधी एक प्रश्न

“ऑपरेशन किंवा केमो-रेडिएशनने हा आजार बरा होण्याची शक्यता आहे का?” हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा. उत्तर ‘हो’ किंवा ‘अजून ठरलं नाही’ असेल, तर स्टेंटची घाई नको. ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना मधल्या काळापुरता धातूचा स्टेंट टाकू नये, अशी युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. स्टेंट आत असताना बाहेरून रेडिएशन देऊ नये, हीसुद्धा त्यांचीच. म्हणजे ‘लाइट’ घ्यायची ठरली असेल तर आधी काय आणि नंतर काय, हे रेडिएशनचे डॉक्टर आणि गॅस्ट्रोचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून सांगायला हवं. तुम्ही दोघांमध्ये निरोप्याचं काम करू नका. मोठ्या केंद्रात ‘ट्यूमर बोर्ड’, म्हणजे वेगवेगळ्या शाखांच्या डॉक्टरांची एकत्र बैठक असते, केस तिथे ठेवायला सांगा. तोवर पोषणासाठी नाकातून घातलेली नळी किंवा पोटावरून थेट आतड्यात बसवलेली नळी चालते. नाकातली नळी तर स्टेंटपेक्षा बरीच स्वस्त पडते.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल, तरी स्टेंट हा एकच रस्ता नाही. अन्ननलिकेच्या आतून जवळून दिलं जाणारं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, हा दुसरा. नेदरलँड्समधल्या रुग्णांवर केलेला आणि २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास सांगतो की स्टेंटने आराम लवकर पडतो, ब्रॅकीथेरपीने उशिरा, पण तो जास्त टिकतो आणि गुंतागुंत कमी होते. रुग्ण अजून खिमट, पेज खातोय, अंगात ताकद आहे, तर ‘ब्रॅकीथेरपी होईल का?’ विचाराच. मात्र ही सोय मोजक्याच केंद्रांत आहे.

दोन परिस्थितींत स्टेंट सरळ पुढे येतो. एक, पाणी किंवा थुंकीही उतरत नाही आणि आजार पसरलेला आहे. दुसरी, प्रत्येक घोटाला जोराचा ठसका लागतो, कारण अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडलं आहे. तिथे आवरण असलेला स्टेंट ते भोक झाकतो. उलट गाठ अगदी वर, घशालगत असेल तर स्टेंट सतत टोचतो, अडकल्यासारखा वाटतो. बरेच डॉक्टर तिथे नको म्हणतात. आणि रुग्ण अगदी शेवटच्या दिवसांत असेल तर पैसे घालवून त्रास विकत घेऊ नका. हे तुम्हाला कोणी स्वतःहून सांगेलच असं नाही.

डॉक्टरांसमोर ‘गिळता येत नाही’ एवढंच सांगू नका. ‘पंधरा दिवसांपूर्वी मऊ भात जायचा, आठवड्यापासून फक्त चहा-दूध, कालपासून पाणीही परत येतंय’ असं सांगा. डॉक्टर गिळण्याची अडचण ० ते ४ अशा अंकांत लिहितात: ० म्हणजे सगळं खाता येतं, ४ म्हणजे काहीच उतरत नाही. हा अंक केसपेपरवर लिहून घ्या. योजनेची किंवा विम्याची मंजुरी मागताना कामी येतो.

बिल कसं बनतं

खाजगी रुग्णालयात बिलाचे साधारण सहा तुकडे असतात: स्टेंट, एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांची फी, एंडोस्कोपी रूम आणि सी-आर्म म्हणजे चालू एक्स-रेचं भाडं, भूलतज्ज्ञ, डिस्पोजेबल साहित्य आणि खोली. इस्टिमेट मागताना हे सहाही वेगळे लिहून मागा. ‘पॅकेज आहे’ असं उत्तर मिळालं तर पॅकेजमध्ये काय नाही, ते लिहून मागा. ‘काय आहे’ची यादी नेहमी लांब आणि सुंदर असते.

ढोबळ आकडे असे. देशी बनावटीचा आवरण असलेला स्टेंट साधारण २० ते ४० हजारांच्या घरात. आयात केलेला ५० हजारांपासून वर, त्यातले काही एक लाखापर्यंत. खाजगीत सगळं मिळून देशी स्टेंटसह साठ-सत्तर हजारांपासून सुरुवात, मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या रुग्णालयात आयात स्टेंट आणि एक-दोन रात्रींसह दीड लाखाच्या पुढे. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात प्रक्रियेचा खर्च नाममात्र असतो. पण योजनेत केस बसली नाही तर स्टेंट मात्र बाहेरून आणायला सांगू शकतात. म्हणजे सरकारी दवाखान्यातही खिशात काहीच नको असं धरून जाऊ नका.

हृदयाच्या स्टेंटच्या किमतीला सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. अन्ननलिकेच्या स्टेंटला तशी मर्यादा नाही. म्हणून ‘सरकारी भाव’ कोणी सांगितला तर तो खरा धरू नका. मात्र १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने औषधांत मोडतात, त्यामुळे खोक्यावर एमआरपी छापलेली हवी, त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही आणि कंपनीला ती एमआरपी वर्षभरात १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

पण एमआरपी ही शेवटची किंमत असते असंही नाही. रुग्णालयाला किंवा वितरकाला स्टेंट त्याहून बऱ्याच कमी भावात पडतो. इथे घासाघीस करायला लाजू नका. “डॉक्टर, आम्हाला एवढंच जमेल, देशी स्टेंट चालेल का, आणि एमआरपीवर किती सूट मिळेल?” हा प्रश्न रोज विचारला जातो. स्टेंट स्वतः दुकानातून आणायच्या भानगडीत मात्र पडू नका. गाठ नेमकी किती लांब आहे ते टेबलावर समजतं. वितरकाचा माणूस दोन-तीन मापांचे स्टेंट घेऊन येतो आणि वापरलेल्याचंच बिल होतं. तुम्ही एकच माप आणलंत आणि ते बसलं नाही, तर पैसे गेले.

याच ठिकाणी एक प्रश्न आधी विचारून ठेवा: पाकीट फोडलं, पण स्टेंट नीट उघडला नाही किंवा जागेवरून सरकला आणि दुसरा लागला, तर दुसऱ्याचे पैसे कोण देणार? उत्तर इस्टिमेटवर लिहून घ्या.

‘इम्पोर्टेड घ्या, टिकतो’ हे वाक्य तुमच्या कानावर पडेलच. हा स्टेंट बहुतेक रुग्णांत काही महिन्यांसाठी असतो; दहा वर्षं टिकण्याचा प्रश्न इथे येत नाही. महत्त्वाचा फरक देशी-विदेशीचा नसून आवरणाचा आहे. आवरण नसलेल्या जाळीतून गाठ आत वाढते. पूर्ण आवरणाचा स्टेंट खाली सरकण्याची शक्यता जास्त. दोन्ही टोकं उघडी आणि मधे आवरण, हा मधला मार्ग. कर्करोगासाठी पूर्ण किंवा अर्धं आवरण असलेला घ्यावा, असं तज्ज्ञांचे नियम सांगतात. आवरण तेच, माप तेच, आणि किंमत दुप्पट असेल तर कारण विचारा. समाधानकारक कारण मिळालं तर जरूर घ्या. ‘उलट झडपे’चा, म्हणजे जठरातलं आम्ल वर येऊ न देणारा स्टेंटही सुचवतात, तो आणखी महाग. गाठ अन्ननलिका आणि जठराच्या सांध्यावर असेल तरच त्याचा विचार. आणि आम्लाच्या गोळ्या व उशाकडची बाजू उंच करून भागेल का, हे आधी विचारा. बऱ्याच वेळा भागतं.

आता बिलात हळूच शिरणाऱ्या गोष्टी. गाठीतून दुर्बीण जाईना म्हणून फुग्याने वाट रुंद केली, तर तो फुगा आणि त्याचे वेगळे चार्जेस. गाइडवायर. नव्याने केलेली तपासणीची एंडोस्कोपी, जी खरं तर स्टेंट टाकतानाच होते. दोनदा लावली आहे का पाहा. पुन्हा केलेला सीटी स्कॅन: महिन्याभरातला स्कॅन सीडीसह जवळ असेल तर तो चालेल का विचारा, ‘आमच्याकडचाच लागतो’ हे प्रत्येक वेळी वैद्यकीय कारण नसतं. खोली: खाजगीत खोलीचा वर्ग वाढला की डॉक्टरांची फी, प्रोसीजरची फी सगळंच वाढतं. त्याच टेबलावर, त्याच डॉक्टरांकडून, त्याच अर्ध्या तासात होणाऱ्या कामासाठी! डे-केअर बेड किंवा जनरल वॉर्ड मागा. दिवसाला ५ हजारांहून जास्त भाड्याची खोली घेतली, तर अतिदक्षता सोडून बाकी खोलीभाड्यावर ५ टक्के जीएसटीही लागतो.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी हातात हव्यात: तपशीलवार बिल, डिस्चार्ज कार्ड आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर. स्टिकरवर कंपनी, माप, लॉट नंबर असतो. एक स्टिकर रुग्णालयाच्या फाइलमध्ये जातं, एक तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या, खोक्यावरच्या एमआरपीचा फोटो काढा. पुढे एमआरआय करायची वेळ आली किंवा विम्याचा दावा अडला, तर पहिला प्रश्न याच स्टिकरचा येतो. एमआरपीपेक्षा जास्त घेतलं असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आणि औषध किमती ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचा १८००-१११-२५५. नर्सिंग होम नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची असते. ती दिसली नाही तर मागा. मागणाऱ्याच्या बिलाकडे जरा जास्त काळजीने पाहिलं जातं.

फुले योजना: आरोग्यमित्रापासून सुरुवात करा

महाराष्ट्रात राहत असाल तर पहिला अर्ज महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. १ जुलै २०२४ पासून ती आयुष्मान भारतशी जोडून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे. रेशन कार्ड पिवळं, केशरी की पांढरं, हा प्रश्न उरलेला नाही. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. कागदपत्रं: रेशन कार्ड, रुग्णाचं आधार, निदानाचे कागद म्हणजे एंडोस्कोपीचा रिपोर्ट, बायोप्सी, सीटी. रेशन कार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र. बहुतेकांचं घोडं अडतं ते एका जागी: रेशन कार्डवर रुग्णाचं नाव नसतं, किंवा आधारवरच्या नावाशी जुळत नाही. लग्न होऊन आलेल्या सुना, मुलाकडे शहरात राहायला आलेले आई-वडील यांच्या बाबतीत हे हमखास. स्टेंटची तारीख ठरायची वाट न पाहता हे आजच तपासा.

योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. त्याला तीन प्रश्न: हे रुग्णालय कर्करोगासाठी आणि एंडोस्कोपीसाठी योजनेत आहे का, अन्ननलिकेच्या स्टेंटचं पॅकेज कोणत्या नावाने आहे, आणि त्या पॅकेजात स्टेंटची किंमत धरली आहे का. शेवटचा प्रश्न विसरलात तर सगळं विसरलात. रुग्ण पाणीही गिळत नसेल तर कागद पूर्ण होण्याआधी फोनवरून तातडीची मंजुरी घेता येते. आरोग्यमित्राला तशी आठवण करून द्या. योजनेची चौकशी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० वर होते.

योजना कॅशलेस आहे. पैसे तुम्ही भरले आणि मग योजनेतून परत मिळाले, असं होत नाही. ‘आत्ता भरा, मंजुरी आली की परत देतो’ हे रुग्णालयाने म्हटलं किंवा बाहेरच्या कोण्या ‘ओळखीच्या माणसाने’ म्हटलं, तर थांबा. मंजुरी मिळालेल्या केसमध्ये ‘स्टेंट चांगल्या दर्जाचा हवा तर वरचे इतके’ ही मागणीही बेकायदा आहे. त्याच टोल-फ्री क्रमांकावर, रुग्ण दाखल असतानाच तक्रार करा. घरी गेल्यावर केलेल्या तक्रारीत दम राहत नाही. फाइल करून देणाऱ्या एजंटांना एक रुपया देऊ नका; योजनेचा अर्ज फुकट आहे.

गोव्यातल्या वाचकांसाठी: बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड. कार्ड नूतनीकरण झालेलं आहे का, ते आधी बघा.

योजनेत बसलं नाही तर

धर्मादाय रुग्णालयांची वाट लोक विसरतात. मुंबई-पुण्यातली कितीतरी मोठी, चकचकीत रुग्णालयं कायद्याने धर्मादाय न्यास आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. कागद एकच कळीचा: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सोबत रेशन कार्ड आणि आधार.

स्टेंटच्या बाबतीत यातलं एक कलम सोन्यासारखं आहे. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य आणि इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला द्यायचं असतं, आणि त्यातला किमान निम्मा वाटा रुग्णाने उचलायचा असतो. म्हणजे एमआरपी बाजूला राहते. बिलिंग काउंटरला हे माहीत नसतं किंवा माहीत असून सांगत नाहीत. समाजसेवा विभागात जाऊन ‘निर्धन रुग्ण निधीतून’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर लेखी मागा. लेखी मागितल्यावर खाट सापडल्याची उदाहरणं आहेत.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी हा पुढचा अर्ज. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला, रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं इस्टिमेट, रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते, तुमच्या नाही. म्हणून डिस्चार्जनंतर अर्ज करून उपयोग नाही. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून मिळतो, पण काही दिवस लागतात. आज अर्ज करून ठेवा. दोन्ही ठिकाणी तोच लागतो.

खाजगी विमा असेल तर रुग्णालयातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे दावे पाहणाऱ्या खिडकीला, आधी इस्टिमेट पाठवायला सांगा. स्टेंट टाकून त्याच दिवशी घरी सोडलं तरी डे-केअर म्हणून दावा करता येतो. ‘२४ तास दाखल राहावं लागेल’ म्हणून एक रात्र फुकट वाढवू नका, पॉलिसीतली डे-केअर यादी पाहा. कॅशलेसचा पहिला निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलं आहे. एक बारीक गोष्ट: पॉलिसीतल्या मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी बाकी बिलही त्या प्रमाणात कापते. पण इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांवर अशी प्रमाणशीर कपात करता येत नाही. स्टेंटची रक्कम कापलेली दिसली तर हे लिहून परत पाठवा. दाद न मिळाल्यास विमा नियामकाची ‘बीमा भरोसा’ ही तक्रार यंत्रणा, १५५२५५. ईएसआयसी किंवा केंद्र-राज्य सरकारी नोकरीतल्या कुटुंबांनी रेफरल चिठ्ठी स्टेंटच्या आधी घ्यावी.

कुठे जायचं

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक, महापालिकेची केईएम, सायन, नायर, सरकारी जे. जे. पुण्यात ससून. विदर्भात नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, सोलापूरकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त. प्रवासाला निघण्याआधी फोन करून विचारा: अन्ननलिकेचा धातूचा स्टेंट इथे टाकला जातो का, गॅस्ट्रोची ओपीडी कोणत्या वारी, आणि पुढची तारीख साधारण किती दिवसांची मिळते. पाणीही न गिळणाऱ्या रुग्णाला तीन आठवड्यांनंतरची तारीख म्हणजे नकारच.

टाटामध्ये नोंदणीच्या वेळीच ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ ते ठरतं आणि त्यावर पुढचे सगळे दर ठरतात. लवकर काम होईल या आशेने प्रायव्हेट घेऊन मग केमोच्या बिलाला घाबरणारी कुटुंबं बरीच आहेत; निवडण्याआधी दोन्हीचे दर विचारा. सोबत बायोप्सीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक न्या, नुसता रिपोर्ट नको. ब्लॉक तुमच्या गावच्या लॅबमधून मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे. तो नसेल तर बायोप्सी पुन्हा होऊ शकते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांच्याकडे रुग्णालयाची चिठ्ठी घेऊन चौकशी करा. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सूट, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र तिकीट काढताना लागतं.

त्या दिवशी आणि नंतर

आधी रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, रक्त गोठण्याची चाचणी, किडनी, एचआयव्ही आणि कावीळ. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. सहा ते आठ तास उपाशी. पण गाठीच्या वर जुनं अन्न साचलेलं असतं, म्हणून आदल्या दिवसभर पातळच द्यायला सांगतात. प्रक्रिया साधारण अर्ध्या तासाची. त्याच दिवशी किंवा एक रात्र राहून घरी.

पहिले दोन-तीन दिवस छातीत दुखतं, कारण नळी फुलत असते. वेदनाशामक लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. सुट्टीच्या दिवशी मॉर्फिनसारखं औषध जवळच्या दुकानात मिळत नाही. पहिल्या दिवशी पाणी, मग चहा-दूध-ताक, मग खिमट, पेज, मऊ वरणभात, शिरा. कोरडी भाकरी, पोळीचे मोठे तुकडे, पाव, मटण, शेवग्याच्या शेंगा, धागे असलेली पालेभाजी, संत्र्याच्या फोडी, खोबरं नको. दर दोन घासांमागे घोटभर कोमट पाणी. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं पडायचं नाही. मोठ्या गोळ्या कुटून द्यायच्या की पातळ औषध मागायचं, हे डॉक्टरांनाच विचारा. काही गोळ्या कुटल्या की बिघडतात. घरी पाठवताना प्रोटीन पावडरचे डबे लिहून देतात. चालत असेल तर घ्या, पण दूध, अंडं मिसळलेली पेज, मुगाचं पातळ वरण, तूप घातलेली नाचणीची आंबील हेही तेच काम करतं आणि डब्याच्या किमतीत महिनाभर पुरतं.

नंतरचा खर्च आत्ताच धरून ठेवा. साधारण तिघांपैकी एका रुग्णाला पुन्हा गिळायला अडथळा येतो: अन्न अडकतं, नळी सरकते किंवा गाठ टोकावरून वाढते. अन्न अडकलं असेल तर दुर्बिणीने साफ होतं आणि खर्च एंडोस्कोपीपुरता राहतो. गाठ वाढली असेल तर दुसरा स्टेंट आतून टाकतात आणि बिल जवळपास पहिल्याइतकं होतं. म्हणून विम्याची किंवा योजनेची सगळी रक्कम पहिल्याच फेरीत महागड्या खोलीवर संपवू नका. आरोग्यमित्राकडून शिल्लक किती ते लिहून घ्या. आयकर भरत असाल आणि जुनी करपद्धती निवडली असेल तर कलम ८०डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट मिळते. विशेषज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन आणि बिलं जपा.

छातीत असह्य दुखणं, धाप, थंडी-ताप, मानेला सूज, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, प्रत्येक घोटाला ठसका, किंवा काल जात होतं ते आज अचानक पूर्ण बंद: यातलं काहीही झालं तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. स्टेंट जिथे टाकला तिथल्या कॅज्युअल्टीत जा, तोंडाने काही देऊ नका, आणि स्टेंटचं स्टिकर व डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. लांब राहत असाल तर डिस्चार्जच्याच दिवशी डॉक्टरांना विचारून ठेवा की रात्री-अपरात्री अडकलेला घास काढणारी एंडोस्कोपी तुमच्या जिल्ह्यात कुठे होते, आणि तिथला फोन नंबर डिस्चार्ज कार्डवरच लिहून घ्या.